काशिनाथचा नारळ ड्रेस्डेनला जातो

डहाणूच्या समुद्रावर सकाळी चालणारे आम्ही चारपाच म्हातारे. चालणं कमी, एकमेकांची खेचणं जास्त. त्यामुळे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत, पावसाळ्यात भिंतीला बुरशी धरते तसे धरत जातात. पण टूरबरोबर जर्मनीला गेलो, तेव्हा ड्रेस्डेन गावात एका दिवसात झाले तेवढे इथे दोन वर्षांत होत नाहीत.

त्या दिवशी नेमकी नारळी पौर्णिमा. आमच्यातला काशिनाथ जन्माचा मच्छीमार. त्याचा पोरगा या साली पहिल्यांदा तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य होऊन बोट काढणार होता. बापाने आपल्या हाताने नारळ पाण्यात सोडला, असा फोन गेल्याशिवाय बोट हलणार नव्हती. काशिनाथ सकाळपासून उपाशी, पिशवीत घरून आणलेला नारळ. गाइड होती नाशिकची पोरगी. तिने सांगितलं, नदी सगळ्यात शेवटी, चार वाजता.

काशिनाथ म्हणाला, "देवालापण टाइमटेबल?"

*

पहिला बळी गुरुजी. वाणगावच्या शाळेतून रिटायर झालेले, मला सातवीत नापास करणारे. रस्ता रिकामा, एक गाडी नाही, तरी सगळे गोरे लाल सिग्नलला गप उभे. गुरुजींनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, लढाईत गेलेल्यांसाठी इथे लोक चौकाचौकात दोन मिनिटं शांत उभे राहतात.

गुरुजींनी टोपी काढली, डोळे मिटले. हिरवा लागला, लोक गेले, गुरुजी उभेच. शेवटी एक जर्मन आजोबा मागे आले आणि त्यांना आंधळा समजून हाताला धरून पलीकडे सोडून गेले!

*

मग एक मोठं घुमटाचं चर्च. भिंतीत मधूनच काळे दगड, बाकी पांढरे. मी म्हटलं, ठेकेदार तलासरीचा दिसतो, अर्धा रंग मारून पळाला. गाइडने सांगितलं, लढाईत बॉम्ब पडून चर्च कोसळलं होतं. कित्येक वर्षं ढीग तसाच पडून होता. मग पुन्हा बांधताना जुने दगड शोधून लावले, ते हे काळे.

मला कसंतरी झालं. काशिनाथ मान खाली घालून उभा. मला वाटलं, याच्या काळजाला लागलं. तर हळूच म्हणतो, "एवढे दगड लावायला वेळ मिळाला यांना. मला पाच मिनिटं नदीवर सोडत नाहीत."

*

दुकानात गुरुजी फ्रिजला लावायचं चुंबक घ्यायला गेले. माणसाने आयुष्यभर शुद्ध मराठी शिकवलं. पण आमच्याकडे गल्ल्यावर माणूस दिसला की जीभ आपोआप गुजरातीवर जाते. गुरुजींनी त्या जर्मन बाईला गुजरातीत भाव विचारला, वर घासाघीसही केली. बाई हसत राहिली आणि शेवटी एक पेन्सिल फुकट दिली.

गुरुजी बाहेर येऊन म्हणाले, "सुरतेकडची असावी."

*

चार वाजले. एल्बे नदी आली. काठाला हिरवंगार गवत, नजर पोचेल तिथपर्यंत. त्यावर उघडी माणसं ऊन खात पडलेली. ऑगस्ट महिना, आणि आम्ही डहाणूवाले स्वेटर घालून.

काशिनाथची बायको हिराबाई हळहळली, "एवढी जागा, आणि एक बोंबील वाळत नाही." मग एका लोळणाऱ्या बाप्याकडे बघून मला म्हणाली, "भाऊजी, याला उलटवायला पाहिजे. एका बाजूने वाळला."

*

काशिनाथने पँट गुडघ्यावर घेतली, पाण्यात उतरला. नारळाला कुंकू लावलं, हात जोडले, सोडला. आम्हीही हात जोडले.

तेवढ्यात एका काळ्या कुत्र्याने धप्पकन उडी मारली, नारळ तोंडात धरून आणला आणि काशिनाथच्या पायाशी ठेवला. शेपूट हलवत उभा. काशिनाथने पुन्हा सोडला, त्याने पुन्हा आणला. गवतावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काशिनाथचं तोंड उतरलं. "नदी घेत नाही रे माझा," म्हणाला. कोणी हसलं नाही. मीसुद्धा नाही, लिहून ठेवा.

कुत्र्याची मालकीण एक म्हातारी होती. तिने धावत येऊन त्याचा पट्टा धरला, आपल्या भाषेत माफी मागत राहिली. तिसऱ्यांदा नारळ गेला तो पुलाखालून पार दिसेनासा झाला. काशिनाथने फोन लावला. "काढ बोट," एवढंच बोलला. मग बसमध्ये बसून हिराबाईने दिलेल्या भाकरीचा तुकडा मोडला.

मी सगळ्यात शेवटी बसच्या दारात. बघतो तर ती म्हातारी धापा टाकत येतेय, मागे ओलाचिंब कुत्रा. तिच्या हातात पेपरात गुंडाळलेला नारळ, कुंकू अजून लागलेलं. हरवलेलं पोर सापडल्यासारखी खूश. खिडकीतल्या काशिनाथकडे बोट दाखवून तिने नारळ माझ्या हातात दिला.

मी मान डोलावली. नारळ स्वेटरच्या आत कोंबला आणि चढलो. हिराबाईने माझ्याकडे बघितलं, स्वेटरकडे बघितलं, आणि तोंडाला पदर लावून खिडकीबाहेर बघायला लागली.

काशिनाथने घास गिळला, माझ्या पोटाकडे नजर टाकली.

"नाना," तो म्हणाला, "जर्मनीचं खाणं तुझ्या अंगी चांगलंच लागलं की रे."