कोपरावरचा चुना

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या रुग्णालयात सगळ्यांना माहीत आहे. सकाळी मी आत शिरले की नर्स एकमेकींना विचारतात, "आज मॅडमचा पारा कितीवर?" मला ते ऐकू येतं. पूर्वी मला त्याचं थोडं कौतुकही वाटायचं. डॉक्टरने कडक असावं, नाहीतर लोक डोक्यावर बसतात, असं माझं मत होतं. ते मत एका दिवसात गेलं. तो दिवस मी अजून कुणाला नीट सांगितलेला नाही.

रुग्णालय हिंगोली जिल्ह्यातलं, तालुक्याच्या रस्त्यावरचं. दोन डॉक्टर, त्यातले एक रजेवर. सोयाबीनची सोंगणी चालू होती आणि सोंगणीच्या दिवसांत ओपीडीला सकाळीच झुंबड उडते, कारण प्रत्येकाला एक इंजेक्शन टोचून घेऊन शेतात पळायचं असतं. विळा लागलेले, कंबर धरलेले, तापाने फणफणलेली लेकरं. रांग व्हरांड्यातून बाहेर लिंबाच्या झाडापर्यंत गेलेली. मी मान वर न करता केसपेपर ओढत होते.

त्यात हे जोडपं आलं, पुसेगावच्या पुढच्या एका गावचं. तो पस्तिशीचा असेल, ती थोडी लहान. तिने त्याला जवळजवळ उचलूनच आणलं होतं. तो खुर्चीत बसला आणि पोट धरून वाकला.

"पहाटंपासून पोटात लई कळा येऊन राहिल्या," ती म्हणाली.

मी त्याला विचारलं, रात्री काय खाल्लं? तो बोलला, पण जीभ जड, शब्द घसरलेले. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. वर बघायला सांगितलं तर डोळे न उघडता मानच मागे टाकली. मी ओळखलं, किंवा ओळखलं असं मला वाटलं.

"किती घेतली रात्री?"

"न्हाई हो मॅडम," ती घाईने म्हणाली, "माळकरी हायेत ते. थेंबाला शिवत न्हाईत."

"माळकरी पण घेतात, बाई. मी रोज बघते."

गळ्यातली माळ मला दिसत होती. तोंडाला वास नव्हता, तेही कळत होतं. पण मागे रांग होती आणि माझं निदान झालेलं होतं. तेवढ्यात तिने त्याचा डावा हात उलटा करून माझ्यापुढे धरला. कोपराच्या मागे चुना थापलेला होता, तंबाखूच्या डबीतला.

"रात्री गंजीपाशी झोपले व्हते. कायतरी चावलं म्हणले. मुंगळा असंल म्हून म्या चुना लावला. तवापासूनच जरा..."

वाळलेल्या चुन्याची खपली सुटून माझ्या रजिस्टरवर पडली. माझं डोकं फिरलं.

"अहो, रजिस्टर खराब करताय! पोट दुखतंय ना? मग पोटाचं सांगा. मुंगळ्याचं काय सांगत बसलात?"

तिने हात मागे घेतला. ती ओशाळली, तो चेहरा मला आजही दिसतो. मी केसपेपरवर पित्ताचा त्रास म्हणून लिहिलं, एक इंजेक्शन, चार गोळ्या, आणि पुढच्या बाईला हाक मारली. या सगळ्याला दोन मिनिटंही लागली नसतील.

दुपारी साडेबाराला गेटवर एक पिकअप करकचून थांबली. लोक ओरडत होते. मागच्या हौद्यात तोच माणूस आडवा होता आणि ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी नाडी बघितली, छातीला नळी लावली, डोळ्यांत बॅटरी मारली. काही उरलं नव्हतं. घरी गेल्यावर त्याला गिळता येईना, मग मान सावरेना, मग श्वास घेता येईना, असं कुणीतरी सांगत होतं. ऐकता ऐकता मला कळत होतं, पण त्याचं नाव घ्यायला मी तयार नव्हते.

नाव घेतलं ते त्याच्या भावाने, तेही भलतंच. तो खाली उतरला आणि भावजयीकडे बोट करून म्हणाला, "हिनंच घातलं कायतरी जेवणात. काल दोघांचं वाजलं व्हतं. घरात फवारणीचं औषध हाय. हिच्या हातचं खाल्लं आन् पहाटं पोट धरलं. धरा हिला!"

गर्दीतून लगेच चार आवाज उठले. ती नुसती इकडेतिकडे बघत राहिली. पोलीस आले, तेव्हा एका महिला शिपायाने तिला दंडाला धरून व्हरांड्यात एका कोपऱ्यात बसवलं. जमादारांनी मला बाजूला घेतलं.

"मॅडम, पोस्टमार्टम आजच करा. अंधार पडायच्या आत. दीर तक्रार देऊन राहिला. तुमी विष म्हणला की आमी हिला ताब्यात घेतो."

"आणि मी काहीच म्हटलं नाही तर?"

"तर बी घेतो. पोटातला व्हिसेरा लॅबला जाऊ द्या, तिथला अहवाल येईस्तोवर बसंल आत. गाव ऐकत न्हाई ना."

अहवाल यायला महिनोन्महिने लागतात, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

पंचनामा होईपर्यंत मी माझ्या खोलीत दार लावून बसले. आम्हाला शिकवलेलं होतं: पावसाळ्यानंतरचे दिवस, जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटे पोटात कळा, पापण्या जड, जीभ जड. दुसरं काही सिद्ध होईपर्यंत मण्यार सापाचा दंश समजायचं. मण्यारीचे दात एवढे बारीक की सूज नाही, रक्त नाही, झोपेतल्या माणसाला मुंगी चावल्यासारखं वाटतं. परीक्षेत या प्रश्नाचं उत्तर मी दोन पानं लिहिलं होतं. आणि इथे खुद्द रोग्याची बायको ते उत्तर हातात धरून उभी होती, तर मी तिला रजिस्टर खराब करू नका म्हणाले. सकाळी साडेनऊला सर्पविषावरची लस सुरू केली असती, श्वासाची सोय करून गाडीत घालून मोठ्या रुग्णालयात पाठवलं असतं, तर तो बहुतेक वाचला असता. बहुतेक हा शब्द मी तेव्हा स्वतःसाठी दहादा म्हटला.

चार वाजता शवागारात गेले. शवागार म्हणजे मागच्या बाजूची पत्र्याची खोली, एक दगडी ओटा, एक खिडकी. तिथलं काम बघणारे गृहस्थ निवृत्तीला आलेले, त्यांना सगळे मामा म्हणतात. माझ्यासारखे कितीतरी डॉक्टर त्यांनी तिथे थरथरताना पाहिले असतील. मामांची एक सवय होती. डॉक्टर यायच्या आत ते देह पाण्याने स्वच्छ धुऊन ठेवत. नियमात बसत नाही, मी दोनदा ओरडलेही होते. पण त्यांचं म्हणणं एकच, मळक्या अंगानं माणसाला कापू नये.

त्या दिवशीही त्यांनी धुतलं होतं. मी डावा हात उलटा केला. चुन्याचा कणही नव्हता.

कोपराची कातडी जाड, काळवंडलेली, तिच्यावर सोयाबीनच्या धसकटांचे ओरखडेच ओरखडे. त्यात टाचणीच्या टोकाएवढे दोन ठिपके शोधायचे होते. मी खिडकीशी हात ओढून बघितलं, मोबाईलची बॅटरी तिरकी धरली, मामांना प्रयोगशाळेतलं भिंग आणायला पाठवलं. बाहेर गर्दीचा आवाज वाढत होता. कुणीतरी गेट हलवत होतं.

आणि खरं सांगते, त्या पाच-सात मिनिटांत माझ्या मनात आलं की शोधू नये. पोट उघडावं, व्हिसेरा बरणीत भरावा, मृत्यूच्या कारणाबद्दल मत राखून ठेवलं असं लिहावं. कायद्याने बरोबर. कुणी बोट ठेवू शकलं नसतं. खूण सापडली नाही, तर सकाळच्या केसपेपरवरचं पित्तही खरंच ठरलं असतं. कुरुंद्याकडच्या आमच्या वस्तीतली मी पहिली डॉक्टर. माझा निकाल लागला तेव्हा वडिलांनी विहारात पेढे वाटले होते आणि अनोळखी माणसांनाही थांबवून, माझी लेक, माझी लेक, असं सांगितलं होतं. ते सगळं मला आठवलं आणि मी घाबरले. मला तिची दया आली नाही त्या क्षणी, मला माझीच आली. ही लाज माझ्याजवळ अजून आहे.

मामा भिंग घेऊन आले. मी पुन्हा वाकले. दोन ओरखड्यांच्या मधे, करंगळीच्या नखाएवढ्या अंतरावर, दोन ठिपके होते. बारीक, काळपट, शेजारी शेजारी.

"मामा, बघा."

त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. "मण्यार," ते म्हणाले. मग हळूच माझ्याकडे वळले. "मॅडम, अख्खं अंग सोडून तुमी एकदम कोपरालाच काहून हात घातला?"

मी हातमोज्यांकडे बघत राहिले. "सकाळी तिने मला दाखवलं होतं. ओपीडीत. तिथे चुना लावलेला होता. मी हाकलून दिलं तिला."

मामांनी नळ बंद केला.

"मग ठिपके लिहा, बास," ते म्हणाले. "सकाळचं लिहू नका. भाईर गर्दी बघितली का? तिला सोडवायचं तर ठिपके पुरेत. तुमी कशाला मधी येता?"

त्यांच्या बोलण्यात काळजी होती, म्हणून ते मोडणं जास्त जड गेलं. पण ठिपक्यांचं चित्र काढलं, कातडीचा तो तुकडा वेगळ्या बरणीत ठेवला, पोट आणि आतडं तपासलं, फवारणीच्या औषधाचा वास कुठेच नाही हे लिहिलं, आणि हे सगळं लिहून झाल्यावर पेन थांबेना. सकाळी साडेनऊला मृत व्यक्ती माझ्याकडेच आली होती, पत्नीने चावल्याचं सांगितलं होतं आणि दंशाची जागा दाखवली होती, मी ती तपासली नाही, असं मी माझ्या हाताने लिहिलं. खाली सही केली.

जमादारांनी वाचलं आणि दोनदा माझ्याकडे बघितलं.

"हे खालचं... हे बी ठेवायचं?"

"ठेवायचं."

"मग आज भाईर तोंड उघडू नका. काचा राहायच्या न्हाईत रुग्णालयाच्या. तुमच्यासंग नर्सबाया बी हायेत." ते गेटवर गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "सर्पदंश हाय! दोन दातांच्या खुणा बराबर सापडल्या. बाईचा काही संबंध न्हाई. देह घ्या आन् चला गावाकडं!"

आवाज विरत गेला. कुणीतरी हळहळलं. जो दीर दुपारी बोट दाखवत होता तो भिंतीला टेकून हमसून रडायला लागला. महिला शिपाई त्या बाईजवळून उठली, आणि ती मोकळी झाली. मोकळी झाल्यावर काय करायचं असतं ते तिला कळेना. मग तिने मला बघितलं, धावत आली आणि वाकून माझे पाय धरले.

"मॅडम, तुमी व्हत्या म्हून मी वाचले. न्हाईतर माझ्या लेकरांचं कोण व्हतं?"

मी तिला उठवलं. गप्प बसणं सोपं होतं, आणि जमादारांनी सांगितलंही तेच होतं. पण ती माझे हात धरून उभी होती. मी तिला व्हरांड्याच्या टोकाला नेलं आणि हळू आवाजात सांगितलं. सकाळी तू जे सांगत होतीस तेच खरं होतं. मी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर ते कदाचित वाचले असते. माझी चूक आहे. मी तसं लेखी दिलं आहे.

तिने माझे हात सोडले. मी वाट बघत होते, तिने ओरडावं, शिव्या द्याव्या, थोबाडीत मारावी. मला ते सोसलं असतं.

"मंग तुमाला बी धरतेत का आता?" तिने विचारलं. त्यात राग नव्हता. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं.

"नाही," मी म्हणाले. "चौकशी होईल. डॉक्टरला असं लगेच धरत नाहीत."

"मला तर जेवाण वाढलं म्हून धरलं व्हतं," ती म्हणाली.

पिकअप सुरू झाली होती. दिराने हाक मारली आणि ती पदर सावरत त्याच्या मागे निघून गेली.