रुबीनाचं बदनाम प्रथिन

रुबीना शिकलगारला तुम्ही ओळखत असायचं कारण नाही. पेपरात तिचा फोटो आलेला नाही आणि तिला त्याची घाईही दिसत नाही. कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत ती पीएचडी करते, कळंब्याला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. तिकडे गडहिंग्लजला तिचे अब्बा, अल्लाउद्दीन, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात. स्टीलनं त्यांचा धंदा केव्हाच खाल्ला, पण माणूस हट्टी. भाता सोडत नाही. लेकीनं बाकी काही नाही तरी हा हट्ट बरोबर उचलला.

तिचा हट्ट होता प्रिऑन नावाच्या प्रथिनाचा. हे प्रथिन बिघडलं की मेंदूची चाळण होते आणि माणूस हातचा जातो, त्यामुळे त्याचं नाव काढलं की जाणकारसुद्धा तोंड वाकडं करतात. पण न बिघडलेलं प्रिऑन तुमच्या-माझ्या मेंदूत जन्मभर नांदत असतं, त्याची चौकशी कोण करणार? पेशी त्याच्यावर साखरेच्या साखळ्या चढवते, त्याला आपल्या अंगावर बाहेरच्या बाजूनं टांगते, आणि तिथं ते तांब्याचे कण धरून ठेवतं. एवढा थाटमाट कुणी रिकामटेकड्यासाठी करतं का? रुबीनाचं म्हणणं असं, की तांबं हाती आलं की हे प्रथिन पेशीच्या आत निरोप धाडतं आणि त्या निरोपावर पेशी तग धरते.

त्यासाठी तिनं दोन तऱ्हेच्या पेशी वाढवल्या होत्या. एकीत साधं प्रिऑन. दुसरीत तिनं मुद्दाम बदललेलं, तांबं धरायच्या जागाच काढून टाकलेलं. आत निरोप गेला की तपासणीत एक्स-रेसारख्या फिल्मवर काळी पट्टी उमटायची. तांबं दिलं की साध्या पेशींची पट्टी उमटे, बदललेल्यांची नाही. तांबं न देता दोन्ही गप्प. दोनदा असं आलं होतं. आता तिसऱ्यांदा यायला हवं होतं.

"आलं तर शोधनिबंध लिहायला बस," तिचे मार्गदर्शक डॉ. सूरज कांबळे म्हणाले होते. "न्हाय आलं तर विषय बंद. तुझी फेलोशिप संपत आल्या, रुबीना. मी तरी कुठवर रेटू?"

आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कंपनीनं तिला तपासणी विभागात नोकरी देऊ केली होती. कल्हईच्या धुरानं अब्बांना खोकला जडला होता. नोकरी धरली तर त्यांचा भाता बंद करता आला असता. हा काटा तिला रोज टोचत होता.

अशात खंडेनवमी आली. कोल्हापुरात त्या दिवशी लेथ मशिनपासून एसटीपर्यंत सगळ्यांना हार पडतात, मग प्रयोगशाळेनं काय घोडं मारलंय? शिपाई आकाराममामांनी यंत्रांना झेंडू वाहिला, बाटल्यांना कुंकू लावलं. कांबळे सर पूजेत हात जोडत नसत, पेढे मात्र दोन उचलत.

"मॅडम, पूजेला जरा चांगलं पाणी द्या की," मामा म्हणाले.

रुबीनानं त्यांच्या तांब्यात आपल्या बाटलीतलं पाणी ओतलं. प्रयोगशाळेत त्याहून शुद्ध पाणी नव्हतं. धातूचा कणन् कण काढलेलं, गाळायला अख्खी सकाळ घेणारं. पूजा उरकली, आरती झाली, गप्पा रंगल्या. दुपारी तांब्यात बरंच पाणी उरलेलं दिसलं आणि बोलता बोलता तिनं ते परत बाटलीत ओतलं. पाणी वाया घालवायचं नाही हे घरचं वळण.

पुढच्या आठवड्यात त्याच पाण्यानं तिसरा प्रयोग झाला. रुबीनानं फिल्म धुऊन उजेडाला धरली. तांबं न दिलेल्या साध्या पेशींचीही काळी पट्टी! म्हणजे तांब्याचा काही संबंधच नव्हता. तिनं घरी फोन लावला.

"अब्बा, मी कागलला जातो," एवढंच तिला बोलता आलं. पलीकडून खोकला ऐकू आला, मग "बरं" एवढंच.

फिल्म कचऱ्यात टाकायच्या आधी, कुढत का होईना, तिनं ती पुन्हा उजेडाला धरली. साध्या पेशी बोलत होत्या, मान्य. पण बदललेल्या पेशी सगळीकडे गप्पच होत्या. ज्यांना तांबं धरता येत नाही, फक्त त्याच गप्प. मग न दिलेलं तांबं दोघींनाही मिळालं असलं पाहिजे! तिनं वापरलेली एकेक वस्तू काढून बघितली आणि शेवटी बाटली हातात घेतली. बाटलीवर कुंकवाचं बोट होतं. पूजेचं उरलेलं पाणी तिनं हिच्यातच परत ओतलं होतं. कल्हईवाल्याची पोरगी, आणि तांब्याच्या तांब्यातलं पाणी तांबं घेतं हे विसरली!

रसायनशास्त्र विभागातून तिनं पाणी तपासून घेतलं. तांबं होतंच. मग तिनं सरांपुढं सगळं ओकून टाकलं. सर आधी भडकले, मग फिल्म बघत राहिले.

"हे शोधनिबंधात घालता येणार न्हाय," ते म्हणाले. "पण प्रिऑन तांबं ओळखतंय, हे मला पटलं. नवीन पाणी गाळ, नवीन पेशी लाव. आणि साखरेच्या साखळ्या काढलेलं प्रथिनबी यात घे. फेलोशिपच्या मुदतवाढीसाठी मी भांडतो."

रुबीनाला हसू आलं आणि रडूही. पण कागलला होकार कळवायचा दिवस उजाडला होता, आणि अब्बांचा खोकला कानात होता. तिनं गडहिंग्लजला फोन लावला, घडलं ते सांगितलं आणि चाचरत म्हणाली, "अब्बा, कंपनीला नको म्हटलं तर चाललं काय?"

"आता काय म्हणतीस? मी परवाच न्हाय म्हणून सांगिटलंय."

"कुणाला?"

"त्यांचा फोन इकडं आलता. तू अर्जात माझा नंबर घातलायस न्हवं."

"मला न विचारता?" रुबीनाचा आवाज चढला. "अहो, तवा माझा प्रयोग पार फसला होता!"

"त्ये मला कुठं कळतंय," अब्बा म्हणाले. "कागलला जातो म्हणालीस, तवा तुझा आवाज ऐकला मी. विचारलं असतं तर माझ्यासाठी गेली असतीस."