धोंडुबाईचं निळं दार

गणपतराव मास्तरांनी लालासाब चिताऱ्याला पहिल्यांदा नीट पाहिलं ते कसबा बावड्यात, एका लग्नघरासमोर. दाराच्या दोन्ही अंगांना हत्ती काढायचं काम चाललं होतं. उजवीकडचा हत्ती पुरा झाला होता, पण त्याचा एक सुळा अर्धाच होता. नवरीचा चुलता खाली उभा राहून ओरडत होता.

"लग्नाच्या दारात मोडक्या दाताचा हत्ती? अपशकुन करतोस व्हय रं?"

शिडीवरचा सडपातळ माणूस खाली उतरला नाही की चिडलाही नाही. "मी आक्काला इचारलं, हत्ती कसा काढू? आक्का म्हणाली, ल्हानपणी दसऱ्याला बघितलेला तसा काढ. त्याचा दात मोडका हुता. मग मी तरी काय करू, पावणं?"

नवरीची आजी आक्का उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर करून हत्तीकडं बराच वेळ पाहिलं. "त्योच हाय की," ती म्हणाली. "डोळं बी तसंच बारकं. ऱ्हाऊ दे."

हत्ती राहिला. मास्तर पानावर बसायचं सोडून हे बघत उभे राहिले होते. एवढंच त्यांच्या ध्यानात आलं की हा माणूस मनानं काही काढत नाही.

पुढच्या वर्षी मास्तरांनी कोल्हापुरात चिंचेच्या गल्लीत घर घेतलं, तर चार दारं सोडून हाच शेजारी. लालासाब कुणाच्या चाकरीत नव्हता. लग्नाची दारं, देवळाच्या ओवऱ्या, तालमीच्या भिंती, जो बोलावील त्याच्याकडं तो जाई. बायको खैरुनबी घरात गेरू आणि पिवडीची पिवळी माती वाटून द्यायची, बाभळीचा डिंक भिजवायची. भिंत मिळाली की लालासाब पहिला दिवस नुसता समोर बसून काढायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, इथं काय पायजे? रंग भरायला वाटेल त्याच्या हातात कुंचला द्यायचा. भाजीवालीनं भरलेलं पान रेघेबाहेर गेलं तरी पुसायचा नाही. मात्र रेघ त्याची स्वतःची, आणि ती डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूचीच.

"खोटं दार काढलं तर आत माणूस कसा ऱ्हाणार, मास्तर?" तो एकदा म्हणाला होता. मास्तरांना ते फार आवडलं होतं. त्याचा अर्थ किती महाग पडू शकतो हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

महाराज गादीवर येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. शहरात प्लेग आला. कचेरीतून सूचना निघाली: उंदीर पडला की हात लावू नये, जाळावा, घर सोडून माळावर झोपड्यांत राहायला जावं. कागद तालमीच्या भिंतीला चिकटवला. गल्लीत वाचता येणारी माणसं तीन. मास्तर रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि लोक ऐकून घरी जायचे, जसे कीर्तन ऐकून जातात.

मग मास्तरच लालासाबकडं गेले. "हे चित्रात काढ. वाचायला लागू नये असं."

बायकांनी तालमीची भिंत सारवून दिली, वर चुना दिला. दोन दिवसांत चार चित्रं उभी राहिली. पहिल्यात निळ्या दाराच्या उंबऱ्यावर मेलेला उंदीर. दुसऱ्यात चिमट्यानं धरून त्याला जाळणारा माणूस. तिसऱ्यात बोचकी घेऊन निघालेली घरची माणसं. चौथ्यात माळावरच्या झोपड्या आणि वर लख्ख ऊन. गल्लीनं हौसेनं रंग भरले. तालमीचा वस्ताद पिराजी, कुणाच्या बापाला न भिणारा माणूस, त्यानं झोपड्यांचं गवत रंगवलं आणि दोन दिवस ते येईल त्याला दाखवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तालमीच्या हौद्यात, कुस्तीच्या मातीत, मेलेला उंदीर सापडला. त्याच सकाळी धोंडुबाईची सून चिमणाबाई तापानं फणफणली.

आणि मग कुणीतरी चित्राकडं बघितलं. निळं दार. खालचा डावा कोपरा मांजराच्या येण्याजाण्यासाठी कापलेला. असं दार गल्लीत एकच होतं, धोंडुबाईचं. गेल्या वर्षी तिच्या लेकाच्या लग्नात लालासाबनंच ते रंगवलं होतं. उंदरासाठी दार हवं होतं, तेव्हा आठवणीतलं हेच हाताला आलं.

"चिताऱ्याला आधीच ठावं हुतं," एक म्हणाला. दुपारपर्यंत सगळे तेच म्हणत होते. धोंडुबाईची घागर आडाच्या काठावरून खाली ढकलली. तिचा लेक बैलगाडी घेऊन पेठ वडगावच्या बाजाराला गेलेला, घरात दोघीच बायका. पिराजीनं ठरवून टाकलं. उद्या पहाटे गल्ली माळावर जाणार. धोंडुबाईचं घर येणार नाही. आजार घेऊन कुणी मागं लागू नये म्हणून दाराला बाहेरून कडी घातली आणि कडीत लाकडाचा खुंटा ठोकला.

मास्तर शाळेतून आले तेव्हा आतून धोंडुबाईचा आवाज येत होता. ती ओरडत नव्हती. "पाणी तरी द्या रं. पोरीला पाणी तरी द्या," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मास्तरांनी खुंट्याला हात घातला. पिराजी समोर येऊन उभा राहिला. "मास्तर, तुमी शाळा बघा," तो म्हणाला. मास्तरांनी हात काढला. पुढं किती वर्षं तो हात त्यांना आठवत राहिला.

ते धावत लालासाबकडं गेले. "ते चित्र पूस. आत्ताच्या आत्ता चुना फिरव."

लालासाबला सगळं कळलेलं होतं. तो भिंतीला टेकून बसला होता. "पुसलं तर म्हणतील, खरं हुतं म्हणून पुसलं. चूक माझी हाय, मास्तर. दार तिचं, उंदीर मी ठेवला. तिला इचारलं न्हाय." मग तो उठला. "गेरू दे गं. नीळ बी."

"काय करताय?" खैरुनबीनं विचारलं.

"आपलं दार काढतो."

"उंदरासकट?"

"उंदरासकट."

"आपल्या उंबऱ्यावर मेलेला उंदीर! ह्यो खुंटा उद्या आपल्या दाराला बसंल, समजलं का?" ती म्हणाली. पण वाटी उचलली तिनंच, आणि डोक्यावर पदर घेऊन ती त्याच्या मागून भिंतीपर्यंत आली.

दिवस मावळायला तासभर राहिला होता. लालासाबनं निळ्या दाराच्या अलीकडं, सगळ्यांच्या आधी, स्वतःचं दार काढलं. उंबऱ्यावर उंदीर ठेवला. गल्ली गोळा झाली. मग त्यानं निळ्या दाराच्या पलीकडं एक मोकळी चौकट आखली आणि वळून विचारलं, "मास्तर, तुमचं दार कुठल्या रंगाचं?"

रोज चार वेळा तो त्या दारावरून जायचा. त्याला ठाऊक होतं. पण आता तो न विचारता काढणार नव्हता.

मास्तरांच्या पाठीमागं त्यांची बायको शालूबाई उभी होती. तिनं त्यांच्या सदऱ्याची बाही घट्ट धरली. ज्या दारावर उंदीर, त्या दाराला खुंटा, हे गल्लीनं दुपारीच दाखवलं होतं. पलीकडून धोंडुबाईचा आवाज यायचा थांबला होता, आणि तेच जास्त वाईट होतं.

"हिरवं," मास्तर म्हणाले. "वरची कडी तुटलेली आहे."

बाही सुटली. "तुटलीया कुठं, वाकलीया," शालूबाई मागून म्हणाली. "नीट सांगा की."

लालासाबनं वाकलेली कडी काढली. चौथी चौकट आखली आणि तो पिराजीकडं वळला. पिराजीनं त्याचं मनगट धरलं. कुस्तीतला हात, कुंचला खाली पडला.

"तालमीच्या दारात उंदीर काढलास तर हात मोडीन, चिताऱ्या. आत मारुती हाय."

"मोडा की," लालासाब म्हणाला. "पर आधी सांगा, वस्ताद. आज सकाळी उंदीर सापडला कुठं? धोंडुबाईच्या घरात, का हौद्यात?"

हे गल्लीत प्रत्येकाला ठाऊक होतं. सकाळपासून एकानंही ते तोंडातून काढलं नव्हतं. खैरुनबीनं पडलेला कुंचला उचलला, पदराला पुसला आणि हातात धरून उभी राहिली. पिराजी मनगट सोडत नव्हता आणि पिळतही नव्हता. मास्तर सांगतात, एवढा वेळ आपण कधी कशाची वाट पाहिली नाही.

शेवटी पिराजीनं चौकटीकडं बघितलं. "कडी डावीकडं हाय," तो म्हणाला. "काढतोस तर नीट काढ." आणि मनगट सोडून तो सरळ धोंडुबाईच्या दाराशी गेला. खुंटा त्यानंच ठोकला होता, त्यानंच उपटला. आत पहिली घागर खैरुनबीनं नेली.

त्यानंतर मात्र भिंतीपाशी कालवा झाला. "माझ्या दारावर तोरण हाय, ते का न्हाय काढलंस?" "उंदीर एवढा थोरला? माझ्या घरात खायाला हाय का तेवढं?" अंधार पडेपर्यंत सव्वीस दारं झाली आणि सव्वीस उंदीर. शेवटच्या तीन दारांना जागाच उरली नाही, ती लालासाबनं झोपड्यांच्या उन्हावरच काढली.

पहाटे गल्ली निघाली ती भिंतीवरच्या दारांच्या क्रमानं. तसं कुणी सांगितलं नव्हतं. चिमणाबाईला पिराजीच्या गाडीत निजवलं होतं. माळावर त्या साली गल्लीतली चार माणसं प्लेगनं दगावली, त्यात पिराजीचा थोरला भाऊ होता. चिमणाबाईचा ताप हिवतापाचा निघाला. ती आठव्या दिवशी उठून चुलीपाशी बसली. गल्ली परत आली तेव्हा धोंडुबाईनं पहिलं काम केलं ते लालासाबला दारात उभं करून अर्धा तास शिव्या देण्याचं. त्यानं त्या खाली मान घालून ऐकल्या, आणि मग तिनं त्याला चहा दिला.

त्याला आता वीस वर्षं होतील. तालमीची भिंत मध्यंतरी पडली, नवी बांधली, तिच्यावर आता दुसरी चित्रं आहेत. मास्तर पेन्शनीत निघाले. लालासाब अजून चिंचेच्या गल्लीतच राहतो आणि कागलपर्यंत कामाला जातो. चित्रात कुणाचं दार घ्यायचं असेल, तर आधी त्या घरी जाऊन विचारतो, आणि मगच रंग भिजवतो.