गिरजाबाईंचे हात

वर्षाली ओव्हाळ रावेतच्या शुश्रूषा केंद्रात रुजू झाली, तेव्हा तिला नर्सिंगमध्ये नऊ वर्षं होऊन गेली होती. ती सगळी वर्षं चाकणच्या एका हॉस्पिटलच्या अपघात विभागात गेलेली. प्रेस मशीनमध्ये बोटं सापडलेले, फोर्कलिफ्टखाली पाय आलेले कामगार तिथं यायचे. ते ओरडायचे, शिव्या द्यायचे, घरी फोन लावा म्हणायचे. इथले पेशंट मात्र गप्प असायचे. कुणाला पक्षाघात, कुणाला विसरण्याचा आजार, कुणी वर्षभर अंथरुणाला खिळलेलं. एकंदर अडतीस खाटा. तक्रार करील असं त्यांत जवळजवळ कुणी नव्हतंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती सात नंबरच्या खाटेपाशी थबकली. खाटेवर गिरजाबाई होत्या, चाकणजवळच्या एका खेड्यातल्या, सत्तरी ओलांडलेल्या. दीड महिन्यापूर्वी झटका येऊन त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती, वाचा गेली होती. अन्न नाकातल्या नळीतून जायचं. आणि दोन्ही मनगटं बँडेजच्या पट्ट्यांनी खाटेच्या दांड्याला बांधलेली होती.

"हात का बांधलेत यांचे?" वर्षालीनं विचारलं.

"नळी ओढतात ना," साफसफाई करणाऱ्या छबूबाई म्हणाल्या. "डोकं ठिकाणावर न्हाई त्यांचं."

वर्षालीनं पांघरूण बाजूला केलं. उजव्या हातात तर जीवच नव्हता. तरी तोही बांधलेला. पट्टीखाली लाल वळ उठले होते.

ती खाली वाकली. "आजी, मी वर्षाली, तुमची नवी सिस्टर. आता तुमचा हात सोडते. नळीला हात लावू नका. मी इथंच आहे."

पट्टी सुटली तसा गिरजाबाईंचा डावा हात थरथरत वर गेला. वर्षाली तो धरायच्या तयारीत होती. पण हात नळीला न लागता पुढं गेला, भुवईपर्यंत पोचला आणि भुवई खाजवू लागला. कितीतरी वेळ. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग तोच हात खाली आला, त्यानं गुडघ्यावर सरकलेला गाऊन चाचपडत ओढला आणि पाय नीट झाकून घेतले.

दीड महिना या बाईला आपले उघडे गुडघे झाकता आले नव्हते, आणि लोक म्हणत होते, डोकं ठिकाणावर नाही.

"आजी, मी बोलते ते कळतं का? कळत असेल तर माझं बोट दाबा."

बोट दाबलं गेलं, घट्ट.

तिनं फाइल काढली. हात बांधायला डॉक्टरांची लेखी सूचना नव्हती, मुलाची संमती नव्हती, कधी सोडले, कधी मनगटं तपासली याचा एक शब्द नव्हता. आणि बाईला आता गिळता येतं का, हे दीड महिन्यात कुणी पुन्हा पाहिलं नव्हतं. वर्षालीनं जे दिसलं ते तारीख-वेळ घालून लिहिलं, खाली सही केली, आणि घडल्या प्रकाराचा अहवाल केंद्रप्रमुख डॉक्टर सिद्धेश यांच्या नावानं ऑफिसात दिला.

दुपारी इन्चार्ज कस्तुरा सिस्टरांनी तिला बोलावलं. वीस वर्षं सेवा झालेली, हाताला यश असलेली बाई. पण आज त्यांचा चेहरा उतरला होता.

"वर्षाली, चौदा पेशंटमागं एक सिस्टर आहे. नळी निघाली आणि दूध फुफ्फुसात गेलं, तर जबाब कोण देणार?"

"मान्य आहे मॅडम. म्हणूनच डॉक्टरांना विचारू, नळीची गरज उरलीय का."

"ते बघू. पण पुढच्या आठवड्यात तपासणीची टीम येतेय." त्यांनी कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा पुढं सरकवला. "मागच्या तारखा घालून भरून टाक. दर दोन तासांनी हात सोडले, मनगटं पाहिली, असं. सगळीकडे असंच चालतं गं."

वर्षालीचे वडील रोहिदास भोसरीच्या एका कारखान्यात सुटे भाग मापायचे. बॅच नापास झाली की सुपरवायझर मागं लागायचा, आणि वडील म्हणायचे, जे माप आलं तेच लिहायचं, लोकांच्या गाडीचा ब्रेक असतो तो. घरात हे इतक्यांदा ऐकलेलं, की वर्षालीला फार विचार करावा लागला नाही.

"जे मी पाहिलं नाही, ते मी लिहिणार नाही मॅडम."

"मग उद्यापासून स्टोअरला बस. चादरी मोज."

दुसऱ्या दिवशी ती चादरींच्या थप्प्या लावत बसली. अकराच्या सुमाराला धुतलेले गाऊन द्यायला वॉर्डात गेली, तर गिरजाबाईंचे हात पुन्हा बांधलेले. त्यांनी वर्षालीकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

ते तोंड फिरवणं तिला सहन झालं नाही. गाऊन टेबलावर ठेवून ती सरळ डॉक्टरांच्या केबिनपाशी गेली. दार ठोठावलं.

"सर, कालचा माझा अहवाल तुम्ही वाचला का?"

डॉक्टर सिद्धेश त्रासले. "वाचतो. तपासणीचं आवरू दे."

"सर, आत्ता तुम्ही फक्त पाच मिनिटं सात नंबरला चला. माझं चुकलं असेल तर मी राजीनामा देते."

डॉक्टर उठले. गिरजाबाईंपाशी उभं राहून नेहमीच्या सवयीनं ते वर्षालीलाच विचारू लागले. ती म्हणाली, "सर, त्यांनाच विचारा." त्यांनी आपलं बोट पुढं केलं आणि विचारलं, कळतं का. बोट दाबलं गेलं. डॉक्टरांनी स्वतः पट्ट्या सोडल्या.

गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ बाई दुपारीच आल्या. गिरजाबाईंना ताठ बसवलं. चमचाभर पाणी दिलं. सगळे गळ्याकडं बघत होते. घोट उतरला, ठसका लागला नाही. दुसरा चमचा. मग घट्ट पेज. वॉर्डाच्या दारात कस्तुरा सिस्टर येऊन उभ्या होत्या.

दोन दिवसांनी नळी निघाली. गिरजाबाईंनी पेजेची वाटी संपवली आणि जड जिभेनं, तुटक तुटक, पहिलं वाक्य बोलल्या.

"मीठ... न्हाई... ह्यात."

वॉर्डातली माणसं हसली, छबूबाई पदरानं डोळे पुसायला लागल्या.

मुलगा गणराज चाकणच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आला. डॉक्टरांनी त्याला खुर्ची दिली आणि काही न लपवता सगळं सांगितलं, माफी मागितली. तो भडकलाच, आणि डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग तो आईजवळ गेला. "आई, वळखलंस का?"

"व्हय," गिरजाबाई म्हणाल्या. "दाढी कर."

तपासणीची टीम आली तेव्हा सात नंबरची फाइल होती तशीच पुढं ठेवली गेली. टीमच्या प्रमुख बाईंनी कोरी पानं उलटली, वर्षालीची नोंद दोनदा वाचली, मग थेट गिरजाबाईंना विचारलं.

"बांदत व्हते," गिरजाबाई म्हणाल्या. "आता न्हाई. ह्या पोरीनं सोडलं."

केंद्राला ठपका बसला आणि सुधारायला तीन महिन्यांची मुदत मिळाली. अहवालात हेही लिहिलं होतं की या केंद्रात खरी नोंद करणारी परिचारिका आहे, तिच्यावर कामाची भिस्त ठेवावी. डॉक्टरांनी आणखी दोन सिस्टर घेतल्या आणि वर्षालीला स्टोअरमधून काढून नवी पद्धत बसवायला सांगितलं. तीन महिन्यांनी टीम पुन्हा आली, तेव्हा अडतीस खाटांवर एकही हात बांधलेला नव्हता. त्याच्या आदल्या रविवारी गिरजाबाई वॉकर धरून, स्वतःच्या पायांनी, मुलानं आणलेल्या रिक्षापर्यंत चालत गेल्या होत्या.

आता केंद्रात नवी सिस्टर आली की वर्षाली पहिला धडा देते. रिकाम्या खाटेवर झोपायचं, हात बांधून घ्यायचे, दहा मिनिटं. नाकाला खाज सुटली तरी गप्प राहायचं.

पहिल्या वेळी पोरी एकमेकींकडं बघत उभ्या होत्या. कुणी पुढं होईना. तेव्हा मागून कस्तुरा सिस्टर आल्या, चपला काढल्या आणि खाटेवर आडव्या झाल्या.

"बांध," त्या वर्षालीला म्हणाल्या. "आणि घड्याळ लाव. नऊ मिनिटांनी सोडायचं नाही, पुरी दहा."