मायची मान

पुण्यात दोन वर्षं मी एक वेगळंच शिक्षण घेतलं. जमिनीवर पडून हळूहळू हालचाल करायची, कुठं अंग आखडतं, कुठं श्वास अडतो, ते आपलं आपण ओळखायचं. बीडला परत आल्यावर एका शाळेचा हॉल घेऊन मी वर्ग सुरू केला. शिक्षिका, बँकेतल्या बाया, दोन-तीन बागायतदारांच्या घरच्या सुना येऊ लागल्या. माय तेव्हा माझ्याकडंच राहायची.

बीड जिल्ह्यातल्याच शिरूरच्या बाजूला आमचं गाव. तिथून तोडणीच्या टोळीसोबत जाऊन मायनं वीसेक हंगाम ऊस तोडला. डोक्यावर कापडाची चुंबळ, चुंबळीवर मोळी आणि मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. मी शिकले ते त्यावर. तिची मान वळायची नाही. कुणी हाक मारली, की ती अख्खी वळायची, पायांसकट.

एका सकाळी मानेचा पाठ होता. चुकीची ठेवण दाखवायला मला कुणीतरी हवं होतं. मी मायला सोबत नेलं. तुला आराम पडेल, एवढंच सांगितलं.

सगळ्यांपुढं मी तिला चालायला लावलं. मागून नाव घेऊन हाक मारली. ती पायांसकट वळली.

"बघितलं? मान वळलीच नाही. खांदे कानाला टेकलेत. हे आपल्याला टाळायचंय," मी म्हणाले.

दोघीतिघी हसल्या. वाईट हेतूनं नसतील हसल्या. एका शिक्षिकेनं विचारलं, "मावशी काय काम करायच्या?"

"घरकाम," मी म्हणाले.

मायनं माझ्याकडं बघितलं. मग मी सांगितलं तशी ती चटईवर उताणी पडली. तिचं डोकं टेकेना. चटई आणि डोकं यांच्यात मूठभर जागा राहिली.

"मान सोड," मी म्हणाले.

"सोडली की."

"नाही सोडलेली. धरून ठेवलीयस तू."

"मी न्हाई धरली, बाई. ती हायच तशी."

खरं तर अशा वेळी डोक्याखाली चादरीची घडी घालून द्यायची असते. कुणाच्याही अंगाला जबरदस्ती करायची नाही, हा तर पहिला धडा. पण वर्ग बघत होता. मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि दाबला. तिनं डोळे गच्च मिटले. मी हात काढला तसं डोकं पुन्हा वर आलं.

पडल्यापडल्याच ती म्हणाली, "घरकाम न्हाई केलं. ऊस तोडला. मोळ्या वाहिल्या."

मग माजलगावकडं पन्नास एकर ऊस असलेल्या घरची सून कौतुकानं म्हणाली, "आमच्याकडंपण येते ना टोळी. लई चिवट असतात ह्या बाया. काही होत नाही त्यांना."

मी पुढचा पाठ सुरू केला. वर्ग सुटल्यावर मायनं चटया गोळा केल्या. तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही अडवलं नाही.

पुढं घरी मी तिच्याकडून रोज तासभर करून घेऊ लागले. यावेळी घडी दिली, हळू बोलले. मला वाटायचं, झालेलं असं फिटेल. महिनाभरानं तिच्या डाव्या हाताला जाग आली. कित्येक वर्षं तो हात बधिर होता, हे मलाच ठाऊक नव्हतं. जाग आली तशी कळ आली. मानेतून निघायची ती बोटांपर्यंत. झोप गेली. डॉक्टरांनी फोटो काढला. मणके झिजून एकमेकांवर बसलेले. हे व्यायाम बंद करा, म्हणाले. यात सुटण्यासारखं आता काही राहिलेलं नाही.

मी रिक्षात रडले. माय रडली नाही.

"आधी हात होता का न्हाई तेबी कळत नव्हतं," ती म्हणाली. "तसंच बरं होतं. कावून जागं केलंस?"

आठ दिवसांनी ती गावी बहिणीकडं गेली. मला सोड असं ती म्हणाली नाही, मीच सोडायला गेले. नंतर दिवाळीच्या आधी भेटायला गेले तर ती दारात बसून शेंगा फोडत होती, फक्त उजव्या हातानं. मावशी कोयत्याला धार लावत होती. टोळी चार दिवसांत निघणार होती.

"दुखतं का गं?" मी विचारलं.

"दुखतं."

त्या दिवशीच्या हॉलबद्दल बोलायचं मी येतानाच ठरवलं होतं. वाक्यसुद्धा जुळवलं होतं. "माय, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर..." एवढंच निघालं.

तिनं शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. "तुझ्या वर्गाला बाया येत्यात का आता?" तिनं विचारलं.

"येतात. वाढल्यात."

"मग बरंय," ती म्हणाली. "जा. पाचची गाडी हुकली तर मुक्कामाला जागा न्हाई इथं."

पाच वाजायला अजून दीड तास होता. मी उठले आणि फाट्यावर जाऊन उभी राहिले.