पंखवाल्यांचं तळं

पऱ्यांना हल्ली फार माज आलाय. माझी मुलगी अकरावीत आहे आणि जालन्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मराठीत आलेल्या जाडजूड अद्भुत कादंबऱ्यांची चळत लावून बसते. मी शिक्षिका, हाताला लागेल ते वाचते, म्हणून त्याही वाचल्या. त्यातले परीराजपुत्र सहा फूट उंच, कातडी पॅन्ट घालणारे, पाचशे वर्षांचे. पाचशे वर्षं जगून अक्कल एवढीच, की सतरा वर्षांच्या पोरीच्या मागे लागायचं! कामधंदा कुणालाच नाही. दरबार भरवायचा, उच्च रक्ताच्या गप्पा हाणायच्या आणि माणसं दिसली की नाक मुरडायचं.

वाटूरकडच्या आमच्या गावात विहिरीवर मावलाया होत्या. पाण्यातल्या सात पऱ्याच म्हणा. काठावर शेंदूर फासलेले सात दगड. गावच्या बायका त्यांना हिरव्या बांगड्या वाहायच्या. आम्ही बौद्ध, आमचा विश्वास नव्हता, तरी जाच आम्हालाच. कुणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत आई घागर घेऊन लांब उभी राहायची. "शिवू नको, मावलाया कोपतेत," असं तिला ऐकवलं जायचं. एकदा विहिरीत शेळी पडून मेली. आई मोठ्यानं म्हणाली, "मंग आता न्हाई का कोपल्या?" त्या दिवशी तिला कुणी पाणी दिलं नाही.

हे मी लेकीला कधी सांगितलं नव्हतं. तिच्या मनाला त्याचा वाराही लागू नये, एवढीच माझी धडपड.

परवा तिनं त्यातल्या एका मालिकेचा शेवटचा भाग संपवला आणि डोळे पुसत मला गोष्ट सांगितली. नायिका साधी माणूस, तिला पऱ्यांच्या तळ्याला हात लावायची मनाई. शेवटी राणी प्रसन्न होते, तिला पंख फुटतात आणि ती ओंजळभर पाणी पिते.

"किती भारी ना, मम्मी?"

"डोंबलाचं भारी! तहान लागली तेव्हाच प्यायचं होतं. त्याला पंख कशाला?"

"असं कसं?" ती हसली. "तळं बाटलं असतं ना."

मला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. हा शब्द घरात येऊ नये म्हणून मी इतकी वर्षं जपलं. तो परीकथेतून आला, आणि माझी लेक तळ्याच्या बाजूनं बोलत होती.