कुठे म्हणून विचारायचं नाही!

सख्ख्या भावाला भेटायला मी इटलीला निघाले आणि स्कॉटलंडला पोचले. यात विमानाची काहीही चूक नव्हती. ते स्कॉटलंडलाच जायचं होतं.

साठच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला राहत होतो. हे डॉक्टरीचं पुढचं शिकायला अमेरिकेत गेले, तिथं राहायचे कागद केले, आणि कागदांवरची शाई वाळतेय तोवर तिथल्या सरकारनं यांना गणवेश चढवून जर्मनीत पाठवलं. पुण्याचे डॉक्टर दातार बघता बघता कॅप्टन दातार झाले! (सलाम ठोकायची वेळ आली की यांचे हात आधी नमस्काराला जुळायचे, पण ते असो.) बरोबर मी आणि माझ्या सासूबाई.

या नोकरीत एक मोठी चैन होती. सैन्याच्या विमानात जागा उरली, तर सुट्टीवरच्या माणसाला ती सहकुटुंब जवळजवळ फुकट मिळायची. आता यात 'उरली तर' हे दोन शब्द फार महत्त्वाचे. तळावर जायचं, नाव नोंदवायचं आणि बाकावर बसायचं. हाक आली तर पळायचं, नाही आली तर बसूनच राहायचं. रोम बघायला निघालेली माणसं आठवडाभर तळाचं कॅन्टीन बघून घरी परतलेली मी पाहिली आहेत.

अशात माझ्या धाकट्या भावाची, नंदूची तार आली. तो बोटीवर इंजिनिअर. बोट दुरुस्तीसाठी नेपल्सला थांबणार होती. 'ताई, मला रजा मिळणं कठीण, तूच ये.' पाच वर्षांत मी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं! बोट हलली की पुन्हा कधी गाठ पडेल, देव जाणे.

"ट्रेननं जाऊ," हे म्हणाले.

"घरची विमानं असताना ट्रेन?" मी म्हणाले.

'घरची विमानं' हे माझेच शब्द. खालच्या मजल्यावरच्या फ्राउ बेकरलाही मी तेच ऐकवून आले होते. "जा, जा, विमानानं! सहकुटुंब!" त्यावर ती कुंड्यांना पाणी घालता घालता "गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', एवढंच म्हणाली. पण असं म्हणाली, की मला ट्रेनचं तोंडही बघायची चोरी झाली.

निघताना सासूबाईंनी आमच्या हातावर दही घातलं आणि बजावलं, "आता पोचेपर्यंत 'कुठे' म्हणून कुणी विचारायचं नाही. निघालेल्याला कुठे विचारलं की कामाचा विचका होतो."

"आई, अगं विमानतळ आहे तो. तिथं दुसरं काय विचारणार?"

"बाळ!" (कॅप्टन दातारांना घरात बाळ म्हणत.)

तळावरच्या टेबलामागं एक धिप्पाड, लालबुंद सार्जंट बसला होता. त्यानं यांना कडक सलाम ठोकला आणि अगदी प्रेमानं पहिलाच प्रश्न विचारला, "कुठे निघालात, कॅप्टन?"

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "झालं! चला बाहेर!"

नऊवारीतली सत्तरीची बाई पुढे, मागे गणवेशातला अधिकारी, त्याच्यामागे पिशव्या सांभाळत मी, अशी आमची वरात बाहेर आली. सासूबाईंनी आम्हाला पायरीवर टेकवलं, पाणी पाजलं आणि पुन्हा पहिल्यापासून निघायला लावलं. सार्जंट तोंड उघडं टाकून बघत होता. तो दुसऱ्यांदा विचारायच्या आत यांनी अर्ज ओढला आणि घाईघाईनं 'नेपल्स' लिहिलं. खाली आणखी दोन ओळी रिकाम्या होत्या.

"भरा त्या!" मी कानात पुटपुटले. "रिकाम्या दिसल्या तर पुन्हा विचारेल!"

"काय भरू?"

"काहीही भरा हो!"

यांनी 'कुठेही चालेल' असं भरलं. मी एम.एस्सी. आहे, हे इथं मुद्दाम सांगते. भाऊ भेटायचा होता ना, म्हणून त्या दिवशी माझी पदवी मीच पिशवीच्या तळाशी घातली होती.

मग बसलो. सकाळ गेली, दुपार आली. कर्नल आले, गेले. एक मेजर बायको, चार मुलं आणि कुत्र्यासह गेला. (कुत्र्याला जागा उरते!) मी बाकावरून उठायची, दारापर्यंत जायची, परत यायची. सासूबाई मात्र शांत. त्यांनी डबा उघडला आणि बेसनाचे दोन लाडू थेट सार्जंटसमोर ठेवले.

"अहो आई, लाच आहे ही!"

"लाच कसली? आपल्यासाठी भुकेला बसलाय बिचारा."

बिचाऱ्यानं पहिला लाडू सावधपणे चाखला. दुसरा एका घासात गेला. तिसरा त्यानं स्वतः येऊन मागितला. आणि थोड्याच वेळात तो धावतच आला, "कॅप्टन, तीन जागा! इंजिनं सुरू आहेत, पळा!"

आम्ही पळालो. अर्ध्या मैदानात यांना शंका आली. ते पळता पळताच वळले, "एक मिनिट, हे विमान कु—"

सासूबाई मागे होत्या. त्यांचा हात पोचेना. म्हणून यांच्या तोंडावर हात मी ठेवला!

विमान म्हणजे उडतं गोदाम होतं. मधे दोरखंडानं बांधलेली खोकी आणि भिंतीला जाळीच्या सीटा. कानठळ्या अशा, की बोलायचं तर एकमेकांच्या कानात ओरडावं लागे. नेपल्सच्या उन्हासाठी मी पातळ वॉइलची साडी नेसले होते. दात वाजायला लागले, पण मनात म्हटलं, आता थोडंच राहिलं. नंदू धक्क्यावर उभा असेल. वाळला असेल का? मिशी ठेवली असेल का?

हे मात्र एका चिमुकल्या खिडकीला डोळा लावून बसले होते.

"सूर्य चुकीच्या बाजूला आहे!" हे ओरडले.

"सूर्य कधी चुकीच्या बाजूला नसतो!" सासूबाई ओरडल्या. "तूच चुकीच्या बाजूला बसला असशील!"

उतरलो. दार उघडलं. बाहेर धुकं, भुरभुर पाऊस, आणि कुंपणापलीकडे मेंढ्या. चिक्कार मेंढ्या.

"अगंबाई, महाबळेश्वर!" सासूबाई खूश झाल्या.

यांनी खाली उभ्या असलेल्या शिपायाला विचारलं, "नेपल्स ना?" (पोचलो होतो, आता विचारायला हरकत नव्हती.)

"स्कॉटलंड, सर," तो म्हणाला. आणि यांचा चेहरा बघून त्यानं पुस्ती जोडली, "वेलकम, सर."

मी रडले. सासूबाई म्हणाल्या, "त्या सार्जंटनं अगदी पहिल्यांदा विचारलं ना, तिथंच माशी शिंकली." नेपल्सला 'चुकून स्कॉटलंडला आलो, घरी परततोय' अशी तार केली आणि आम्ही पुन्हा बाकावर बसलो. बाकडं स्कॉटिश असलं तरी तेवढंच टणक होतं. आता तर लाडूही संपले होते! पुढच्या दिवशीही जागा नाही. मी खोलीत इतक्या येरझाऱ्या घातल्या, की तिथल्या शिपायानं यांना बाजूला घेऊन विचारलं, "बाईंना काही औषध हवंय का?"

अखेर फ्रांकफुर्टच्या विमानात जागा उरली. (यावेळी आम्ही सगळ्यांना विचारलं. वैमानिकाला दोनदा.) तिथून निमूट ट्रेन धरली आणि कायझर्सलाउटर्नच्या बानहोफवर उतरलो. समोरच्या फलाटावर एक गाडी सुटायच्या बेतात होती. तिच्या दारात निळा कोट घातलेला एक मिशीवाला उभा.

"ताई!"

नंदू! माझी तार मिळताच त्यानं कप्तानाच्या हातापाया पडून रजा काढली होती, रात्रभर प्रवास करून आमच्या दारात आला होता, आणि फ्राउ बेकरकडे बटाट्याचं सूप पिऊन, आमची वाट बघून आता परत निघाला होता. बोट थांबणार नव्हती. गार्ड शिट्टी तोंडाशी धरून उभा.

मी जिना उतरून, पलीकडचा चढून धावत गेले. त्याचा हात धरला. पाच वर्षांचं किती साठलं होतं, आणि मी बोलायला लागले.

"अरे काय सांगू, त्या सार्जंटनं पहिल्यांदाच विचारलं, मग आम्ही बाहेर पायरीवर बसलो, मग यांनी अर्ज—"

"ताई, ऐक ना, मला तुला—"

"थांब, मग सासूबाईंनी लाडू काढले! एक मेजर कुत्रा घेऊन—"

शिट्टी वाजली. गाडी हलली. मी त्याचा हात न सोडता बरोबर चालायला लागले. "आणि हे खिडकीला डोळा लावून म्हणतात कसे—"

हात सुटला. नंदू दारातून ओणवा झाला आणि फलाट दणाणेल असा ओरडला, "ताई, माझं लग्न ठरलंय गं!"

आणि मी, पाच वर्षं याच्या तोंडातून एक शब्द ऐकायला तळमळलेली त्याची सख्खी बहीण, गाडीमागं धावत ओरडले, "अरे थांब, आधी माझं मेंढ्यांपर्यंत तरी होऊ दे!"